आईचं हाड जुळलं, पण पाऊल उचलेना

७८ व्या वर्षी आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्टनं तिला उभंही केलं. पण घरी आल्यावर ती पलंगाची कड सोडेना. चादर मुठीत घट्ट धरून एकच, "पुन्हा पडले तर?"

तुमच्या घरी असं असेल तर "घाबरू नकोस" म्हणत बसू नका. नेमकी कशाची भीती वाटते, ते विचारा. आईला ओल्या फरशीची होती. म्हणून आधी रबरी मॅट, भिंतीला धरायला दांडा आणि रात्रभर मंद दिवा, एवढं केलं.

मग वॉकर. पायावर किती भार द्यायचा ते डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. क्रम मोठ्यानं म्हणायचा: आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. आई तो जपासारखा म्हणायची. आपण दुखऱ्या बाजूला, किंचित मागे उभं राहायचं. दंड धरून ओढायचं नाही. पहिल्या दिवशी खिडकी, चौथ्या दिवशी देवघर. ठिकाण त्यांच्या ओढीचं हवं. दुखण्याची गोळी चालण्याआधी अर्धा तास द्यावी का, हेही विचारा. आमचा निम्मा त्रास तिथंच कमी झाला.

भीतीपोटी पडून राहिलं की स्नायू झिजतात आणि तोल आणखी जातो. झोप, जेवण तुटलं तर डॉक्टरांना सांगा. अचानक असंबद्ध बोलू लागल्या, माणसं ओळखेनात, तर त्याच दिवशी दाखवा. ते नुसतं घाबरणं नसतं.