मोठं जहाज की लहान? क्रूझ ठरवताना या चुका टाळा

"एवढे पैसे घालूलालाव तर मोठंच घ्या की!"

सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझचं आमच्या घरी ठरत होतं तेव्हा बेळगावच्या टिळकवाडीतल्या शेजारच्या काकांनी दिलेला हा सल्ला. आम्ही तो मानला. आम्ही नऊ माणसं, तीन पिढ्या आणि तीनशे तीस मीटरहून लांब जहाज. मुलं तिन्ही दिवस आनंदात होती. आई मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपासून खोलीबाहेर यायला तयार होईना. आमची खोली जहाजाच्या एका टोकाला आणि जेवणाचं दालन दुसऱ्या टोकाला होतं. तीन वेळा जायचं-यायचं म्हणजे दीड-दोन किलोमीटर चालणं, आणि लिफ्टसमोर ताटकळणं वेगळं. तिचे गुडघे दुखतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी बुकिंग करताना जहाजाचा नकाशा उघडून बघायचं कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही. ते अजून मनाला लागून आहे.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी क्रूझला निघालं की मी आधी प्रश्न विचारते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच कुटुंबं आता या वाटेला लागली आहेत, आणि चुका बहुतेक त्याच त्याच होतात.

आधी जहाज ठरवणं, मग बाकीचं

ही चूक सगळ्यात मोठी. पहिला प्रश्न आकाराचा नसतोच. तुम्ही जहाजासाठी निघालात की बंदरांसाठी, हे आधी ठरवा.

मोठं जहाज म्हणजे एक वसलेलं गाव. जानेवारी २०२४ मध्ये प्रवासाला निघालेलं रॉयल कॅरिबियनचं 'आयकॉन ऑफ द सीज' ३६५ मीटर लांब आणि २० डेकचं, म्हणजे मजल्यांचं, आहे. पूर्ण भरलं तर ७,६०० प्रवासी, शिवाय दोन हजारांवर कर्मचारी. पाण्याच्या घसरगुंड्या, नाटकगृह, बर्फावरचं स्केटिंग, सगळं आत. अशा जहाजावर बंदर आलं काय न आलं काय, फारसा फरक पडत नाही. आठ ते सोळा वर्षांची मुलं, त्यांचे आईबाप, आजी-आजोबा असा सगळा गोतावळा एकत्र निघाला असेल आणि प्रत्येकाला आपापलं काही हवं असेल, तर मोठं जहाजच घ्यावं. लहान जहाजावर मुलं दुसऱ्या दिवशी कंटाळतात.

पण तुमच्या मनात ठरावीक जागा असतील तर गोष्ट बदलते. व्हेनिसच बघा. तिथल्या सान मार्को चौकासमोरून जहाज जातानाची जुनी चित्रं पाहून अजून लोक मोठ्या जहाजाचं तिकीट काढतात. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांहून मोठ्या किंवा १८० मीटरहून लांब जहाजांना तो मार्ग बंद आहे. ती जहाजं दूरच्या बंदरांत थांबतात आणि प्रवासी तिथून बसने किंवा बोटीने शहरात येतात. अंटार्क्टिकात ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेलं जहाज माणसं किनाऱ्यावर उतरवतच नाही, आणि एका जागी एका वेळी शंभरच माणसं उतरतात. साहजिकच पाचशेच्या जहाजातला माणूस बराच वेळ वाट बघत बसतो आणि शंभरच्या जहाजातला बर्फावर फिरत असतो. युरोपातल्या नद्यांवरची जहाजं तर लांबीला साधारण ११० किंवा १३५ मीटर आणि रुंदीला साडेअकरा मीटरच्या आत, कारण त्यांना नदीवरच्या जलपाशांतून, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून जहाज पुढे सोडणाऱ्या अरुंद दरवाजांच्या कोंडींतून, जावं लागतं. ती सहसा गावाच्या मधोमध लागतात. शिडी उतरलात की बाजारपेठ.

'या बंदरात थांबणार' म्हणजे धक्क्याला लागणार, असं धरून चालणं

मुंबई-गोवा बोटीचे दिवस आठवणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत. कोकणातल्या बऱ्याच बंदरांत बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, कोंबड्यांच्या टोपल्या पडावातून किनाऱ्याला यायच्या. रेल्वे येण्याआधी वेंगुर्लं हे बेळगावचंच बंदर होतं, माल आंबोली घाटाने वर चढायचा. त्यामुळे पाणी उथळ असेल तर मोठी बोट बाहेर थांबते, ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही.

आजची अजस्र जहाजंही तेच करतात. आता पडावाला 'टेंडर' म्हणतात, एवढंच. ग्रीसमधल्या सॅन्टोरिनीला जहाजं बाहेर नांगर टाकतात. लहान बोटीने किनारा गाठायचा आणि मग गावात जायला केबल कार, नाहीतर पाचशेहून अधिक पायऱ्या. लक्षद्वीपलाही मोठं जहाज बाहेर उभं राहतं आणि प्रवासी छोट्या होड्यांतून बेटावर जातात.

यात अडचणी दोन. लाटा वाढल्या तर कप्तान टेंडर रद्द करतो. तो त्याचा अधिकार आहे आणि तो बरोबरच वागतो, पण ज्या बेटासाठी तुम्ही निघालात ते मग फक्त लांबून दिसतं. दुसरी अडचण गुडघ्यांची. हलणाऱ्या जहाजावरून हलणाऱ्या होडीत पाऊल टाकायचं असतं. खलाशी हात देतात, तरी सत्तरीच्या माणसाला ते जमेलच असं नाही. व्हीलचेअर असेल तर बहुतेक ठिकाणी नकारच मिळतो.

म्हणून बुकिंगआधी प्रत्येक बंदराचं नाव घेऊन विचारा: धक्का की टेंडर? आणि किनाऱ्यावर हातात किती तास? कागदावर 'सकाळी ८ ते संध्याकाळी ५' असतं. तीन-चार हजार माणसं टेंडरने उतरायची असतील तर सकाळचा तास-दीड तास क्रमांक येण्यात जातो आणि परतीची शेवटची होडी जहाज सुटण्याच्या बरीच आधी निघते. बुकिंग आधीच झालं असेल तर जहाजावर चढल्या दिवशी चौकशी खिडकीवर जाऊन पहिल्या फेरीचे टेंडर क्रमांक कसे मिळतात ते विचारून ठेवा. जहाजाचीच किनारी सहल घेतलेल्यांना सहसा आधी सोडतात.

'मोठ्या जहाजात बोट लागत नाही'

मोठं जहाज कमी हलतं हे खरं. लांबी लाटेला पुरून उरते, शिवाय दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखांसारखे स्थिरक असतात. पण आपल्याकडे चोर्ला घाटात ज्यांना गाडी लागते ती माणसं "मोठं घेतलंय, काही होणार नाही" म्हणून निर्धास्त होतात आणि हौसेने सगळ्यात वरच्या डेकवरची, पुढच्या टोकाची बाल्कनीची खोली घेतात. हलण्याच्या दृष्टीने ती सगळ्यात वाईट जागा. झोका टोकाला आणि उंचीवर जास्त बसतो. मध्यम जहाजातली खालच्या डेकवरची, मधोमध असलेली खोली त्याहून शांत असते. आधी खोलीची जागा बघा, आकार नंतर.

लहान जहाज घेणाऱ्यांनी ऋतूही बघायला हवा. शहापूरचे एक निवृत्त मुख्याध्यापक ऑगस्टमध्ये ग्रीसच्या बेटांना लहान जहाजातून गेले. त्या समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून 'मेलतेमी' नावाचा जोराचा वारा वाहतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आकाश निरभ्र, ऊन लख्ख आणि समुद्र खवळलेला. दोन दिवस त्यांच्या पोटात पाणी ठरलं नाही. सप्टेंबरच्या शेवटी गेले असते तर तीच सफर बहुधा सुखाची झाली असती.

आपल्या अरबी समुद्राचंही गणित आहे. पावसाळ्यात मुंबईहून क्रूझ बंदच असतात. त्यानंतर लोक निघतात ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नाहीतर मे महिन्यात, आणि चक्रीवादळंही नेमकी याच दोन मोसमांत येतात. 'क्यार' ऑक्टोबर २०१९ चं, 'तौक्ते' मे २०२१ चं. वादळ आलं की मार्ग बदलतो किंवा सफर रद्द होते. पहिल्यांदाच जाणार असाल, घरात म्हातारी माणसं असतील, तर डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र सगळ्यात निवलेला असतो. मुलांची चार दिवस शाळा बुडाली तरी चालेल असं माझं मत आहे.

चुकीची खोली मिळालीच असेल तर? पहिल्याच दिवशी बदलून मागा, रिकामी असेल तर देतात. नाहीतर दिवसा खालच्या मधल्या डेकवर बसा, नजर क्षितिजावर ठेवा. पोट रिकामं ठेवू नका, थोडा भात किंवा सुकी बिस्किटं खा, आलेपाक जवळ असू द्या. उलटीच्या गोळीचं घरच्या डॉक्टरांना आधीच विचारा. ती मळमळ सुरू होण्यापूर्वी घ्यायची असते, नंतर घेतलेली फारशी लागू पडत नाही.

आईला घेऊन दुसऱ्यांदा गेलो तेव्हा नकाशावर बोट ठेवून खोली निवडली: पाचवा डेक, मधोमध, लिफ्टपासून चार दारं. फार जवळही नको, लिफ्टची वर्दळ रात्रभर ऐकू येते.

गर्दीचा हिशोब न करणं

जहाज मोठं म्हणजे ऐसपैस, लहान म्हणजे दाटीवाटीचं, असं नसतं. जहाजाचे जे टन सांगतात ते वजन नव्हे, आतल्या जागेचं माप आहे. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागा. उत्तर तीसच्या आसपास आलं तर गर्दी जाणवेल, पंचेचाळीसच्या वर असेल तर मोकळं वाटेल. 'आयकॉन'चे २,४८,६६३ टन. खोलीत दोघं धरून ५,६१० प्रवासी, म्हणजे ४४. पण सुट्टीत खोल्यांतले तिसरे-चौथे पलंगही भरतात. ७,६०० धरले की तोच आकडा ३३ वर येतो. जहाज तेच, पण नाश्त्याच्या रांगेत फरक कळतो.

इथे आपल्या भागाला एक फायदा आहे. ज्यांची मुलं कर्नाटकच्या शाळांत आहेत त्यांना दसऱ्याची मोठी सुट्टी असते, महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळीची. दिवाळीच्या आठवड्यात मुंबई, पुणे, गुजरात सगळं एकदम जहाजावर येतं. दसऱ्याला जाता येत असेल तर हवामानाचा अंदाज बघून तेव्हाच जावं.

जेवणाचं शेवटी बघू, म्हणणं

निपाणी-चिकोडीकडच्या जैन कुटुंबांसाठी हा मुद्दा पहिला असायला हवा. सूर्यास्ताआधी जेवण आणि कंदमुळं वर्ज्य, हे दोन्ही सांभाळायचं तर जहाजाच्या स्वयंपाकघराची पद्धत माहीत हवी. भारतातून सुटणाऱ्या जहाजांवर जैन जेवण सहज मिळतं. परदेशी मोठ्या जहाजांवर दिवसभर उघडं असणारं बुफे असतं, त्यामुळे निदान वेळ पाळता येते. परदेशी लहान जहाजावर मात्र बहुधा एकच भोजनगृह आणि रात्रीची एकच वेळ, साडेसात-आठची. सामानही निघतानाच भरलेलं असतं, मधल्या बंदरात आपल्या मनासारखं मिळेल याची खात्री नसते. उलट बाजूने, शंभर माणसांच्या जहाजावरचा आचारी तुमच्याशी स्वतः बोलतो. महिनाभर आधी लेखी कळवलंत तर तो मनापासून करतो. कळवताना नुसतं 'शाकाहारी' लिहू नका, अंडं, मासा, कांदा, लसूण, बटाटा सगळं एकेक नाव घालून लिहा. केटल, इस्त्री, शेगडी सोबत नेऊ नका. आगीच्या भीतीने त्या सामान तपासताना काढून ठेवतात.

नुसत्या भाड्याची तुलना

मोठ्या जहाजाचं भाडं कमी दिसतं, कारण बरंच बाहेर ठेवलेलं असतं: सेवाशुल्क माणशी रोज, मुलांचंही धरून, वायफाय, थंड पेयं, किनारी सहली. लहान जहाजाच्या भाड्यात यातलं बरंच आलेलं असतं. दोन्हीकडचा खर्च घरी परत येईपर्यंतचा लिहून काढा आणि मग बेरजा ताडून बघा.

लहान जहाज बुडेल ही भीती

१७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती आठवण किनाऱ्यापासून घाटावर आली आणि घराघरांत राहिली. घरातली वडीलधारी माणसं "लहान बोट नको" म्हणतात त्यामागे ती असते, तिला हसू नये. पण २०१२ मध्ये इटलीजवळ खडकावर आपटून कलंडलेलं 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' एक लाख टनांहून मोठं होतं, आणि त्यात ३२ जण गेले. जहाज लहान असो की मोठं, निघताना होणारी सुरक्षेची कवायत चुकवू नका. आपली जमण्याची जागा कुठे आणि तिथवर जिन्याने कसं जायचं, हे एकदा प्रत्यक्ष चालून बघा. आजी-आजोबांना हाताला धरून न्या.

बेळगावहून धक्क्यापर्यंत

रात्रीच्या बसने सकाळी मुंबई आणि दुपारी जहाज, असा बेत करू नका. महामार्गावर एक अपघात झाला की चार तास गेले, आणि जहाज थांबत नाही. आदल्या दिवशी पोचा. काही सफरींत गोव्यात चढता-उतरता येतं, ते आधी विचारा. मुरगाव आपल्याला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे. भारतातल्या भारतात फिरणाऱ्या सफरीला पासपोर्ट लागत नाही, फोटो असलेलं ओळखपत्र पुरतं, मुलांचंही न्या. सिंगापूरहून निघून मलेशिया किंवा थायलंड करून परत सिंगापूरलाच येणार असाल तर व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे का, ते छापील कागदावर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. परतीला धक्क्यावर उतरताना ते पुन्हा एकदा सिंगापुरात शिरणंच धरतात. युरोपातली सफर मध्ये तुर्कस्तानला जाऊन येत असेल तर शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या, व्हिसालाही हाच नियम.