अवघड इतिहासाच्या संग्रहालयात काम करायचंय? आधी शिक्षकांशी बोलायला शिका

संग्रहालयाच्या शिक्षण विभागात नव्याने येणाऱ्यांना मी हमखास विचारते, की इथेच का यावंसं वाटलं? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं : इतिहासाची आवड आहे आणि मुलांशी बोलायला आवडतं. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण नरसंहार, गुलामगिरी, वर्णभेद, फाळणी असे विषय मांडणाऱ्या संग्रहालयात तेवढ्यावर निभत नाही. मुलं आपल्या वाट्याला येतात जेमतेम दीड-दोन तास. त्यातला बराच वेळ दप्तरं ठेवण्यात, हजेरीत आणि 'टॉयलेट कुठंय?' मध्ये जातो. शिक्षक मात्र त्यांच्यासोबत वर्षभर असतो. दालनात उभा राहिलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी वर्गात त्यालाच झेलायचा असतो. म्हणून आमच्या कामाचा मोठा भाग मुलं दाराशी येण्याआधी आणि ती गेल्यानंतर होतो, आणि तो शिक्षकांबरोबर होतो. नवख्यांना हाच भाग कंटाळवाणा वाटतो.

भेटीची तारीख ठरली की पहिलं काम फोन. ईमेलवर भागवू नका, कारण ईमेलमध्ये शिक्षक फक्त पटसंख्या आणि बसची वेळ कळवतात. फोनवर मी चार गोष्टी विचारते. विषय वर्गात कुठवर शिकवून झालाय? कुणाच्या घरी अलीकडे मृत्यू झालाय का? कुणाचं कुटुंब स्वतः युद्धातून, दंगलीतून, विस्थापनातून आलंय का? आणि शेवटी, तुम्हाला स्वतःला कशाची धास्ती वाटतेय? या शेवटच्या प्रश्नावर आधी 'नाही, तसं काही नाही' येतं. थोडं थांबलं की खरं उत्तर येतं. पालकांनी तक्रार केली तर? मुलाने असं काही विचारलं ज्याचं उत्तर मला येत नाही तर? आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं : कुणी हसलं तर?

हसतात. दर दोन-तीन गटांमागे कुणीतरी हसतंच. पौगंडावस्थेतलं मूल अस्वस्थ झालं की हसतं, मित्राला ढोसतं, नाहीतर मोबाईल काढतं. शिक्षकाला हे आधी सांगून ठेवलं नाही तर तो तिथल्या तिथे त्या मुलाला झापतो, आणि मग उरलेला तास सगळा वर्ग इतिहासाऐवजी त्या झापण्याचाच विचार करत राहतो.

वयाचा मुद्दाही फोनवरच मिटवायचा. पोलंडमधल्या आउश्वित्झ या नाझी छळछावणीच्या स्मारक-संग्रहालयाची शिफारस आहे की 14 वर्षांखालच्या मुलांना आणू नये. वॉशिंग्टनमध्ये 1993 साली सुरू झालेल्या हॉलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) संग्रहालयाचं मुख्य प्रदर्शन 11 वर्षांपुढच्यांसाठी आहे. लहानांसाठी त्यांनी एका मुलाच्या नजरेतून सांगितलेलं वेगळं दालन केलं. हे आकडे तोंडपाठ असू द्या. 'आमची मुलं खूप समजूतदार आहेत हो' म्हणत चौथीचा वर्ग आणू पाहणाऱ्या मुख्याध्यापकांना नकार देताना आपल्या मतापेक्षा अशा संस्थांचा दाखला जास्त कामी येतो.

आता दालनात काय दाखवायचं, त्याहीपेक्षा काय टाळायचं. जेरुसलेमच्या याद वाशेम या हॉलोकॉस्ट स्मारकाच्या शिक्षण विभागाचं एक तत्त्व आहे : विद्यार्थ्याला सुखरूप आत न्या आणि सुखरूप बाहेर आणा. ऐकायला गुळमुळीत वाटतं, पण कामाच्या वेळी फार नेमकं आहे. आत नेणं म्हणजे ही माणसं मारली जाण्याआधी कशी जगत होती तिथून सुरुवात करणं : त्यांचं घर, शाळा, भांडणं, सणाचे फोटो. बाहेर आणणं म्हणजे वाचलेली माणसं पुढे कशी उभी राहिली तिथवर पोचणं. वेळ कमी पडला की नवखा गाईड पहिला आणि शेवटचा भाग कापतो आणि मधला भयंकर भाग तेवढा ठेवतो. नेमकं उलटं करा. मधली दोन दालनं सोडली तरी बिघडत नाही.

प्रेतांच्या छायाचित्रांबद्दल माझं मत कडक आहे : शाळेच्या गटासमोर ती मोठी करून दाखवायची नाहीत. वॉशिंग्टनमध्ये अशी दृश्यं दाखवणारे पडदे बुटक्या भिंतींच्या आड ठेवलेत. ज्याला पाहायचंय तो पुढे होऊन पाहील, बाकीचे तसेच पुढे जातील. हिरोशिमाच्या शांतता संग्रहालयात भाजलेल्या, कातडी लोंबणाऱ्या माणसांचे पुतळे होते. ते 2017 साली हलवले, आणि 2019 मध्ये नूतनीकरण झालेल्या दालनांत माणसांच्या खऱ्या वस्तूंवर भर दिला. तिथली एक तीनचाकी सायकल जगभर माहीत आहे. बॉम्ब पडला तेव्हा तीन वर्षांचा मुलगा तिच्यावर खेळत होता. वडिलांनी ती त्याच्याबरोबरच पुरली होती आणि कित्येक वर्षांनी पुन्हा बाहेर काढून संग्रहालयाला दिली. पुतळ्यांपुढून मुलं डोळे झाकून पळतात; सायकलीपुढे थांबतात आणि विचारायला लागतात.

शिक्षकांकडून हटकून येणारी मागणी म्हणजे 'मुलांना अनुभव द्या'. अंधाऱ्या खोलीत कोंबून उभं करा, निम्म्यांना पहारेकरी करा, निम्म्यांना कैदी. हेतू वाईट नसतो. पण याला ठाम नाही म्हणायचं. हॉलोकॉस्ट शिकवणाऱ्या मोठ्या संस्थांनी अशा नाटुकल्यांपासून दूर राहायला सांगितलंय, आणि कारण साधं आहे. वीस मिनिटं अंधारात उभं राहिलेल्या मुलाला वाटतं, आपल्याला कळलं. त्याला काहीच कळलेलं नसतं, आणि पहारेकरी झालेल्याला मजा आलेली असते. यावर कुणी जोहान्सबर्गच्या वर्णभेद संग्रहालयाचं उदाहरण देईल. तिथे तिकिटावर 'गोरा' किंवा 'गोरेतर' असा शिक्का नशिबाने मिळतो आणि त्यानुसार वेगळ्या दारातून आत जावं लागतं. मला ते चालतं, कारण तिथे कुणाला कुणाचं सोंग घ्यायला लावलेलं नाही. वर्गवारी किती मनमानी होती एवढंच ते दार दाखवतं, आणि पुढे दालनात खरी कागदपत्रं समोर येतात.

नकार दिला की शिक्षकाच्या हातात दुसरं काहीतरी द्यायला हवं, नाहीतर तो परत नाटुकल्याकडेच वळतो. मी एक कागद देते.

20 जानेवारी 1942 रोजी बर्लिनच्या वानसे भागातल्या एका बंगल्यात युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची आखणी करायला 15 नाझी अधिकारी जमले. अध्यक्षस्थानी नाझी सुरक्षा यंत्रणेचा प्रमुख राइनहार्ड हायड्रिश. इतिवृत्त तयार केलं ज्यूंच्या हद्दपारीचं काम पाहणाऱ्या आडोल्फ आइशमानने. त्याच्या 30 प्रती निघाल्या होत्या. त्यांतली 16 व्या क्रमांकाची एकच प्रत 1947 साली जर्मन परराष्ट्र खात्याच्या फायलींत हाती लागली. तिच्या सहाव्या पानावर टाइप केलेला एक तक्ता आहे. मी त्या पानाची प्रत मुलांना देते, तो तक्ता कशाचा हे न सांगता. पहिला प्रश्न 'काय दिसतंय?' हाच. 'काय वाटतंय?' असं लगेच विचारलं की मुलं शिक्षकांना आवडेल ते उत्तर देतात.

देशांची नावं दिसतात, आकडे दिसतात. कुणी म्हणतं जनगणना, कुणी म्हणतं निर्यातीचा हिशेब. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की यादीचे 'अ' आणि 'ब' असे दोन भाग आहेत. 'ब' मध्ये इंग्लंड आहे, 3,30,000. आयर्लंड आहे, 4,000. 'पण इंग्लंड तर जर्मनीच्या ताब्यात नव्हतं ना?' इथे आपण तोंड बंद ठेवायचं. उत्तर आपल्याला येतं म्हणून जीभ शिवशिवते, तरीही. मुलं आपसांत वाद घालतात आणि स्वतःच पोचतात : ही यादी आहे त्यापेक्षा पुढची आहे, जिंकायच्या राहिलेल्या देशांचीसुद्धा. 'अ' मध्ये एस्टोनियापुढे आकडाच नाही, 'ज्यूमुक्त' एवढंच लिहिलंय. तिथल्या माणसांचं काय झालं, हे कुणीतरी विचारतंच. मग सांगायचं : हे आकडे संहारासाठी मोजलेल्या ज्यूंचे आहेत. तळाची बेरीज 1 कोटी 10 लाखांच्या वर जाते.

यानंतर मुलं विचारतात, त्या बैठकीत कुणी विरोध केला का? इतिवृत्तात हत्येला विरोध नोंदलेला नाही. अर्धवट ज्यू कुणाला धरायचं, मिश्र विवाहांचं काय करायचं, यावर मात्र पानंच्या पानं आहेत. बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण डॉक्टरेट मिळवलेले होते. शिक्षकांसाठी एक खुलासा आवर्जून करायचा, कारण पाठ्यपुस्तकी समजुतीत तो हमखास चुकतो : हत्याकांडाचा निर्णय या बैठकीत झाला असं म्हणता येत नाही. सामूहिक गोळीबार 1941 मध्येच सुरू झाले होते. इथे सरकारी खात्यांची मोट बांधली गेली.

तो बंगला 1992 पासून स्मारक आणि शिक्षण केंद्र आहे. तिथे वेगवेगळ्या पेशांच्या लोकांसाठी वेगळे अभ्यासवर्ग होतात. परिचारिकांनी त्या काळातल्या परिचारिकांनी काय केलं ते पाहायचं, सरकारी कर्मचाऱ्यांनी सरकारी कर्मचाऱ्यांनी काय केलं ते. शिक्षकांच्या कार्यशाळेसाठी मी ही कल्पना उचलली. शिक्षकांसमोर पहिल्यांदा ठेवायचं ते त्या काळातलं शिक्षकांचं वागणं : कुणी वंशशास्त्राचे धडे दिले, कुणी ज्यू मुलांना मागच्या बाकावर बसवलं. खोलीतली हवा बदलते. कोरड्या 'मूल्यशिक्षणा'च्या गप्पा थांबतात.

पण तक्ता हा मारणाऱ्यांचा कागद आहे, आणि फक्त त्यावर तास संपवला तर मुलांच्या डोक्यात आकडेच राहतात. म्हणून त्याच तासात एका माणसाची गोष्ट हवी. वॉशिंग्टनच्या हॉलोकॉस्ट संग्रहालयात प्रवेश करतानाच प्रत्येकाला एका खऱ्या व्यक्तीचं ओळखपत्र मिळतं, तिच्या आयुष्याची हकिगत असलेलं. केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालयात जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा आहे. 1966 साली ती वस्ती गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाली आणि 60,000 च्या वर लोक तिथून हलवले गेले. त्या रहिवाशांनी नकाशावर आपापल्या घराच्या जागी नावं लिहिली. अमृतसरच्या टाऊन हॉलमधल्या, 2017 साली सुरू झालेल्या फाळणी संग्रहालयातही लोकांनी दिलेल्या घरगुती वस्तू आणि त्यांच्याच आवाजातल्या आठवणी आहेत.

आवाजांवरून आठवलं. वाचलेली माणसं आता थकलीत, बरीचशी गेलीत. हिरोशिमा शहराने 2012 पासून वारसदार निवेदक तयार करायला घेतले. ते बॉम्बपीडितांकडून त्यांचे अनुभव शिकतात आणि पुढे सांगतात. हॉलोकॉस्टच्या आठवणी जपणाऱ्या यूएससी शोआ फाउंडेशन या अमेरिकी संस्थेकडे 50,000 हून अधिक साक्षी चित्रित स्वरूपात आहेत. वर्गासाठी यातला पाच-सहा मिनिटांचा तुकडा पुरे. तो शिक्षकाने आधी एकट्याने पाहिलेला असावा, आणि मुलांसमोर माणूस रडायला लागला की व्हिडिओ घाईने बंद करू नये. अ‍ॅम्स्टरडॅमच्या अ‍ॅन फ्रँक हाऊसच्या फिरत्या प्रदर्शनांत तर स्थानिक शाळेतली मुलंच प्रशिक्षण घेऊन गाईड होतात. आपल्या वयाच्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाला मुलं जी उत्तरं देतात ती मला आजवर मिळालेली नाहीत.

स्वतःच्या मनाचं काय, हेही नवखे विचारतात. सलग तेच दालन घेऊ नका, पाळी बदलून मागा, आणि दिवसाअखेर सहकाऱ्याशी दहा मिनिटं बोलल्याशिवाय घरी जाऊ नका. ज्या विभागात याला वेळ देत नाहीत तिथे लोक टिकत नाहीत.

नोकरीचं म्हणाल तर म्युझिऑलॉजीची (संग्रहालयशास्त्राची) पदवी, इतिहासात एमए किंवा बीएड यातलं काहीही चालतं. शाळेत शिकवलेलं असेल तर उत्तम. पुष्कळ पदं प्रकल्पाच्या निधीवर, कंत्राटी असतात, त्यामुळे मुलाखतीत निधी कुठवर आहे हे विचारायला लाजू नका. सुरुवात स्वयंसेवक म्हणून करता येते. याद वाशेमसारख्या संस्थांचे ऑनलाइन अभ्यासक्रम घरबसल्या होतात. अर्जासोबत 'मला इतिहासाची तळमळ आहे' छापाचं पत्र पाठवण्यापेक्षा एकाच वस्तूवर बेतलेला चाळीस मिनिटांचा पाठ पाठवा : वस्तू कोणती, पहिला प्रश्न कोणता, कुठे गप्प बसणार, आणि तुम्ही नसताना शिक्षक तो कसा घेईल. मी तरी शेवटचा मुद्दा आधी वाचते.