न्यूयॉर्कात नवीन आहात? आधी हे यिद्दिश शब्द ओळखून घ्या

इथल्या बेगलच्या (मधे भोक असलेल्या गोल पावाच्या) दुकानात आणि ऑफिसात रोज असे शब्द कानावर पडतील, जे आपल्याला शाळेत कुणी शिकवले नाहीत. ते यिद्दिशमधून आलेत. १८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून सुमारे २० लाख ज्यू अमेरिकेत आले, त्यांतल्या बहुतेकांची ही मातृभाषा. (आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंचा तिच्याशी संबंध नाही, ते मराठीच बोलतात.)

शाकाहारी मंडळींनी सर्वांत आधी हे लक्षात ठेवावं: 'कोशर' म्हणजे ज्यू धर्माच्या आहारनियमांत बसणारं, शाकाहारी नव्हे. कोशर जेवणात मांस असू शकतं, पण ते दुधाबरोबर नसतं. पाकिटावर 'पारव्ह' असेल तर त्यात मांस नाही, दूधही नाही. पण अंडं किंवा मासा असू शकतो. 'डेअरी' लिहिलेल्यात दूध असतं, मांस नसतं, पण अंडं किंवा मासा त्यातही असू शकतो. खरा धोका 'श्माल्ट्स'चा, म्हणजे कोंबडीच्या वितळवलेल्या चरबीचा. बटाट्याचं सारण भरलेलं 'कनिश' दिसायला निरुपद्रवी, पण सारणातला कांदा श्माल्ट्सवर परतलेला असू शकतो. म्हणून "यात मांस आहे का?" एवढ्यावर थांबू नका, "कांदा कशात परतलाय?" हेही विचारा. 'लाटके' बटाट्याच्या किसाचे, पण बहुधा अंडं घालून बांधलेले. मात्झो बॉल (बेखमीर रोटीच्या चुऱ्याचे गोळे) सूप नेहमीचं चिकनच्या पाण्यातलं.

बेगल मागताना "लाइट श्मिअर" म्हणा, नाहीतर क्रीम चीजचा बोटभर थर येतो. मासे खात असाल तर 'नोव्हा' मागा: तो धुरी दिलेला, कमी खारट सामन. अस्सल 'लॉक्स' नुसता मिठात मुरवलेला, फार खारट. पण बरीच दुकानं दोन्हींना लॉक्सच म्हणतात. 'बियाली' हा गोल पाव बेगलसारखा उकळत नाहीत, थेट भाजतात. मधल्या खळग्यात कांदा असतो.

ऑफिसात 'श्लेप' (ओझं ओढत नेणं), 'क्वेच' (कुरकुर), 'क्लट्स' (धांदरट) बिनधास्त वापरा. कुणी तुम्हाला 'मेन्श' (सज्जन, भला माणूस) म्हटलं तर ती मोठी पावती आहे. 'हुत्स्पा'चं (म्हणजे बेधडकपणा, आगाऊपणा) स्पेलिंग बघून 'च' उच्चारू नका. 'श्मक' आणि 'पट्स' मात्र तोंडात आणू नका. सिनेमात सर्रास ऐकू आले तरी मुळात त्या लैंगिक शिव्या आहेत.

आपल्या 'चहा-बिहा'सारखं इथे 'डेडलाइन-श्मेडलाइन' ऐकाल. आपल्याकडे 'बिहा' म्हणजे वगैरे. इथे 'श्म' लावला की ती गोष्ट उडवून लावलेली असते. साहेबांच्या आवडत्या प्रोजेक्टला तो लावू नका.