थ्रॉटल दिला की इंजिन अडखळायचं

पावसाळा सरल्यावर देवबागला बोट पाण्यात उतरवली आणि आउटबोर्डने, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाने, नखरे सुरू केले. हळू चालताना ठीक, पण थ्रॉटल पुढे सरकवला की दम लागल्यासारखं अडखळायचं, मग उचल घ्यायचं. ज्याला त्याला सल्ला एकच: प्लग बदल. प्लग नवेकोरे होते.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा असल्याची खात्री केली. मग कर्ली खाडीत बोट पळवली आणि इंजिन अडखळलं की भावाला प्रायमर बल्ब, म्हणजे पेट्रोलच्या नळीवरचा हाताने दाबायचा रबरी फुगा, दाबायला सांगितलं. दाबताच इंजिन सावरलं! म्हणजे पेट्रोलच पुरेसं पोचत नव्हतं. फुकटातली ही चाचणी मेकॅनिक मंडळी का सांगत नाहीत कोण जाणे.

फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून ठेवलं, तर तळाशी वेगळा थर. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल शोषतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट खाली बसतं. टाकी रिकामी करून धुतली, फिल्टर नवा टाकला. बराच फरक पडला, तरी बारीकशी उचकी राहिलीच.

मग कार्ब्युरेटर खोलला. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग, उजेडाला धरला तर भोक चिकट, पिवळट थराने अर्धं बुजलेलं. क्लीनर फवारून हवा मारली. तार मात्र घातली नाही, भोक मोठं झालं की पेट्रोल-हवेचं मिश्रण बिघडतं. आता थ्रॉटल देताच बोट उचलते.