फुकट पीडीएफ वाटून क्लायंट मिळतात का? सांगलीतल्या एका डाएटिशियनचा अनुभव

एमएस्सी झालं, इंटर्नशिप झाली, आरडीच्या (रजिस्टर्ड डाएटिशियन) परीक्षेचा अभ्यास चालू आहे आणि आता स्वतःची प्रॅक्टिस टाकायचीय, अशा मुलींचे मला महिन्यातून दोन-तीन तरी मेसेज येतात, ताई ईमेल लिस्ट कशी बनवायची, फ्रीबी, म्हणजे ईमेलच्या बदल्यात फुकट द्यायची गोष्ट, काय ठेवू. दरवेळी तुकड्यातुकड्यात सांगत बसते, म्हणून आज एकदाच बैजवार लिहून टाकते. माझं क्लिनिक सांगलीत विश्रामबागला, एक खोली, एक वजनकाटा, दोन खुर्च्या. तेव्हा हा काही मोठ्या ब्रँडचा अनुभव नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सुरुवातीला मलाही वाटायचं की ईमेल कोण वाचतं हो, आपल्याकडे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. आणि ते खरंच आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ माणसं बसतात आणि त्यातही ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, हे मला निम्मी लिस्ट भरल्यावर कळलं. मग इन्स्टा. तिकडे जरा जम बसतोय म्हणेपर्यंत ४ ऑक्टोबर २०२१ उजाडला. सोमवार होता. रात्री नऊ वाजता माझा सात दिवसांचा चॅलेंज सुरू होणार होता, तीसेक जणांनी पैसे भरलेले, आणि नऊ वाजून गेल्यावर फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप सगळं एका फटक्यात बंद. सहा तास. माझ्याकडे त्या लोकांचे ना ईमेल ना काही, फोन नंबर होते तर एकेकाला फोन लावत बसले, दहा वाजता कोण उचलतंय. त्या रात्री ठरवलं की माणसांचे पत्ते आपल्या वहीत पाहिजेत, दुसऱ्याच्या दुकानात नाही.

मग मी जे सगळे करतात तेच केलं. ई-बुक. बेचाळीस पानी. त्यात काय नव्हतं विचारा, प्रोटीन, फायबर, पाणी किती प्यावं, झोप, ताण, मिलेट्स, डिटॉक्स का करू नये, शेवटी पंधरा रेसिपी. दोन महिने रात्री जागून लिहिलं. लिंक टाकल्यावर नावं धडाधड आली, मी खूश. आणि त्यातून क्लायंट किती आले? एकही नाही. बेचाळीस पानी पीडीएफ लोक उतरवून घेतात, 'नंतर वाचू' म्हणून ठेवतात आणि विसरतात, लग्नात मिळालेल्या रिटर्न गिफ्टसारखं. शिवाय त्यात सगळ्यांसाठी सगळं असल्यामुळे आलेली माणसं पण सगळ्या प्रकारची, बारावीतला बॉडीबिल्डिंगवाला मुलगा, दुसरे डाएटिशियन (हो, आपलेच लोक सगळ्यात आधी उतरवून घेतात), आणि असे की ज्यांना फुकटचं सगळंच हवं असतं.

त्या ई-बुकची आणखी एक गंमत. फाइल ड्राइव्हवर ठेवली आणि लिंकची परवानगी 'रिस्ट्रिक्टेड'वरच राहिली. सकाळी उठून बघते तर इनबॉक्समध्ये अ‍ॅक्सेस मागणारे साठेक मेल. त्यातल्या अर्ध्या लोकांनी परत उघडून बघितलंच नसणार. तेव्हापासून नियम, कुठलीही लिंक पाठवायच्या आधी दुसऱ्याच्या फोनवर, दुसऱ्याच्या अकाउंटमधून उघडून बघायची.

दुसरी चूक शिबिराची. एका सोसायटीत फुकट बीएमआय तपासणी ठेवली, टेबलावर रजिस्टर, नाव-फोन-ईमेल लिहा. रजिस्टर भरलं, मी घरी येऊन सगळं टाइप केलं, पहिला मेल पाठवला आणि ढीगभर परत आले. अक्षर लागत नव्हतं, कुणी जीमेलच्या जागी गमेल लिहिलेलं, कुणी मुलाच्या जुन्या कंपनीचा पत्ता दिलेला. त्याहून वाईट म्हणजे ज्यांना मेल पोचला त्यातल्या काहींनी स्पॅम दाबलं, कारण त्यांनी वजन करायला नाव लिहिलं होतं, माझे मेल वाचायला नाही. चूक माझीच. आता शिबिरात क्यूआर कोड ठेवते, ज्याला हवं तो स्वतःच्या फोनवर स्वतः भरेल, आणि फॉर्मवर मराठीत स्पष्ट लिहिलंय की महिन्यातून दोन मेल येतील, नको झाले तर बंद करता येतील. नावं चौथाईवर आली, पण ती नावं जिवंत आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट, जी मला कळायला दीड वर्ष लागलं. ईमेल वाचणारा माणूस आणि पेशंट हे आपल्याकडे बऱ्याचदा वेगवेगळे असतात. माझ्या पहिल्या मेलमध्ये मी एकच प्रश्न विचारते, 'तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं?' आधी सहज विचारला होता, पण उत्तरं वाचून डोळे उघडले. 'मी हिंजवडीत असते, आईबाबा मिरजेत, बाबांना शुगर आहे, स्वयंपाक आई करते.' 'मी दुबईत, सासूबाई तासगावला एकट्या, गुडघे दुखतात, वजन वाढलंय.' असे कितीतरी. म्हणजे लिस्टवर मुलगी, ताटावर आई. आणि मी इकडे 'तुमच्या ऑफिसच्या डब्यात काय न्याल' लिहितेय!

मग फ्रीबी बदलली. बेचाळीस पानं गेली, एक पान आलं. नाव ठेवलं 'आईबाबांच्या खाण्याची तीन दिवसांची वही'. त्यात सल्ला काहीच नाही, फक्त रकाने, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय खाल्लं, किती वाजता, किती वाट्या, कुठल्या गोळ्या जेवणाआधी आणि कुठल्या नंतर. मुलगी रात्री फोनवर आईला विचारून भरते. भरतानाच तिला कळतं की चहा दिवसातून पाच वेळा होतो आणि प्रत्येक चहात साखर, किंवा रात्रीचं जेवण साडेनऊला होतं, आणि दुपारी चारचा भडंगाचा वाडगा तर आईनं जेवणात धरलेलाच नाही (सांगलीत भडंग हे खाणं नसतंच, ती हवा असते). वही भरून झाली की पुढचा प्रश्न तिच्याच मनात येतो, बरं मग आता काय करू. आणि तो प्रश्न विचारायला ती माझ्याकडे येते. या एका पानातून आलेली नावं त्या ई-बुकच्या मानानं फारच थोडी, पण आजचे माझे निम्म्याहून जास्त ऑनलाइन क्लायंट त्या पानावरून आलेत.

वहीसोबत पाच दिवसांचे पाच छोटे मेल जातात. पहिला लगेच, फॉर्म भरल्या भरल्या, कारण तेव्हाच माणूस वाट बघत असतो. दुसऱ्यात एक काम, घरातली वाटी मापा. पाणी भरायचं आणि मापाच्या कपात ओतायचं. हे सगळ्यात जास्त चालतं, लोक हौसेनं रिप्लाय करतात, 'आमची १८० मिली निघाली', 'आमच्याकडे तीन प्रकारच्या आहेत, कुठली धरू'. आपण बिनधास्त 'एक वाटी वरण' लिहून देतो आणि एका घरची वाटी दुसऱ्या घरच्या दुप्पट असते, तक्त्याचा सगळा हिशोब तिथेच फिसकटतो. आणि हे रिप्लाय येतात ना, त्याचा दुसराही फायदा, ज्या पत्त्यावरून उत्तर येतं त्याला तुमचा पुढचा मेल स्पॅममध्ये जाण्याची शक्यता कमी होते.

सीझनचं पण सांगते. आपल्या लोकांना खाण्याचे प्रश्न कॅलेंडरप्रमाणे पडतात. आषाढीच्या चार दिवस आधी उपवासाचा मेल, गणपतीआधी मोदक, दिवाळीआधी फराळ, संक्रांतीला तीळगूळ. जानेवारीतल्या 'न्यू इयर वेटलॉस'पेक्षा माझा एकादशीचा मेल कितीतरी जास्त उघडला जातो. फक्त माहिती पक्की घ्या, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रोटीन नावापुरतं, खिचडीत जो काय आधार आहे तो दाण्याच्या कुटाचा, हे आकडे नेटवरच्या कुठल्याही पोस्टवरून उचलू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे (एनआयएन) फूड कॉम्पोझिशन टेबल्स, म्हणजे कुठल्या पदार्थात काय किती याचे तक्ते आहेत, २०१७ चे, ५२८ पदार्थांचे, त्यातून घ्या, नाचणीत १०० ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम वगैरे तिथलंच. आणि २०२४ ची आयसीएमआर-एनआयएनची आहाराची मार्गदर्शक तत्त्वं पण फुकट मिळतात, एकूण १७ आहेत, एकेका तत्त्वावर एकेक मेल लिहिलात तरी आठ-नऊ महिन्यांची सोय झाली.

आता जरा गंभीर. फुकट दिलेला कागद कुणाच्या हातात जाईल ते आपल्या हातात नसतं. मी एकदा 'शुगरवाल्यांसाठी आठवड्याचा तक्ता' म्हणून फ्रीबी ठेवली होती, भरपूर पालेभाज्या, डाळी, टोमॅटो, नारळपाणी. एका बाईंचा रिप्लाय आला की मिस्टरांना देतेय, त्यांची किडनी पण थोडी वीक आहे, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं आहे. माझ्या पोटात गोळा आला. किडनी वीक असली की पोटॅशियम सांभाळावं लागू शकतं, नारळपाण्यात ते भरपूर, आणि मी त्या माणसाला तेच पाजत होते. लगेच फोन केला, बंद करायला लावलं, नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) दाखवा म्हटलं, आणि तो तक्ता त्याच दिवशी काढला. त्यानंतर आजाराचं नाव असलेला डाएट चार्ट मी फुकट देत नाही, कितीही मागणी असली तरी. उपवासाच्या मेलमध्ये सुद्धा सगळ्यात वर, ठळक अक्षरात लिहिते की शुगरच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते. वही, मापं, लेबल कसं वाचायचं, बाजाराची यादी, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, असल्या गोष्टी द्या. त्यानं कुणाचं वाईट होत नाही.

आणि हो, 'शुगर मुळापासून घालवा' असलं काही विषयाच्या ओळीत लिहायचा मोह होईल, लिहू नका. १९५४ चा मॅजिक रेमेडीज कायदा आहे, त्याच्या यादीत डायबिटीस आहे, लठ्ठपणा आहे, बीपी पण आहे, बरं करण्याच्या जाहिराती चालत नाहीत. फॉर्मवर पण नाव आणि ईमेल एवढंच मागा. मी आधी वय, वजन, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) सगळं विचारायचे, कशाला ते मलाच माहीत नव्हतं. २०२३ मध्ये डेटा प्रोटेक्शनचा कायदा पण आलाय, संमती घ्यायची, कारण सांगायचं आणि लागेल तेवढंच घ्यायचं, मग उगाच लोकांची रिपोर्टं आपल्या शीटमध्ये कशाला साठवायची.

टेक्निकल भाग पटकन उरकते कारण मला स्वतःला त्यात रस नाही, भाच्यानं करून दिलं. साध्या जीमेलवरून बीसीसी करून (सगळ्यांना एकदम, एकमेकांचे पत्ते न दिसता) पाठवू नका, दिवसाला ५०० ची मर्यादा आहे आणि अकाउंट ब्लॉक झालं तर क्लिनिकचे मेल पण अडकतात. स्वतःचं डोमेन (स्वतःच्या नावाचा वेब-पत्ता) घ्या, ब्रेव्होसारखं एकगठ्ठा मेल पाठवायचं एखादं टूल घ्या, त्यात फुकटात दिवसाला ३०० मेल जातात, सुरुवातीला तेवढे रग्गड. डोमेनमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तीन रेकॉर्ड टाकून घ्या, मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे त्यावरून ओळखतात, फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं हे फार कडक केलंय, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या आत ठेवा म्हणतात. म्हणजे हजार मेलमागे तिघांनी स्पॅम दाबलं की तुम्ही काठावर. म्हणून अनसबस्क्राइबचं बटण लपवू नका, जाणाऱ्याला हसून जाऊ द्या. 'किती जणांनी उघडला' या आकड्यावर पण फार जाऊ नका, २०२१ पासून अ‍ॅपलच्या फोनवर मेल न वाचताही उघडल्यासारखा दिसतो. मी रिप्लाय मोजते.

फ्री कन्सल्टेशनबद्दल माझं मत वेगळं आहे, बऱ्याच जणी ठेवतात. मी ठेवलं होतं, पंधरा मिनिटांचं. पंधराची चाळीस व्हायची, लोक अख्खा डाएट प्लॅन काढून घ्यायचे, वर 'विचार करून सांगते' म्हणायचे, आणि नाही म्हणायला मला जमत नाही. आता फुकट कॉल नाही. भरलेली वही पाठवली तर मी त्यावर दोन ओळी लिहून परत पाठवते, कुठे लक्ष द्यायला हवं एवढंच, आणि खाली फी आणि वेळ. फी लिहायला लाजायचं नाही. मी पहिले सहा महिने फी लिहिलीच नव्हती, 'चौकशीसाठी संपर्क करा' लिहायचे, आणि कुणी चौकशी पण करायचं नाही.

मराठीत पीडीएफ करताना एक त्रास अजून चालूच आहे, जोडाक्षरं तुटतात, आणि ए-फोर कागदावरचा तक्ता फोनवर मुंगीएवढा दिसतो. सध्या श्रावणासाठी नवीन पान करतेय, काल आईच्या फोनवर उघडून बघितलं, तिनं चष्मा वर-खाली केला आणि म्हणाली, 'हे दुसऱ्या ओळीत काय लिहिलंयस गं, राजगिऱ्याचे लाडू की आणखी काही?' 'ऱ्या' फुटला होता. आज संध्याकाळी परत बसायचंय त्याला घेऊन.