लेझर-कट स्टेशनच्या भिंती वाकतात त्यावर माझा उपाय

मॉडेल रेल्वेसाठी एचओ मापाच्या (१:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्याऐंशीवा भाग) कौलारू स्टेशनचं किट मी स्वतः आखून दीड मिलिमीटर एमडीएफमध्ये (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या पातळ फळीत) लेझरने कापून घेतलं. जुलै उजाडला आणि लांब भिंत धनुष्यासारखी वाकली. ठाण्यात पावसाळ्यात पापड टिकत नाही, तिथे एमडीएफची काय कथा!

कारण मात्र नुसता पाऊस नव्हे. रंग फक्त बाहेरून होता. उघडी राहिलेली आतली बाजू ओल जास्त शोषून फुगते, रंगवलेली बाजू तेवढी फुगत नाही, म्हणून फळी वाकते.

वाकलेली भिंत दोन काचांमध्ये, वर वजन ठेवून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात सपाट केली. मग जोडणीआधीच दोन्ही बाजूंना आणि कडांना सुताराकडचं लाखेचं पॉलिश दिलं. कडा विसरू नका, एमडीएफ तिथूनच सर्वात जास्त पितो. आतून खिडक्यांच्या वर आणि खाली आडव्या चौकोनी काड्या चिकटवल्या. पांढरा गोंद पाण्यातलाच असतो, त्यामुळे अगदी पातळ लावला.

नव्या आराखड्यात भिंती एकमेकींत अडकवायच्या खाचाही थोड्या अरुंद केल्या, कारण लेझर स्वतःच साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाळून नेतो आणि सांधा ढिला पडतो. सात फुटी दार या मापात जेमतेम साडेचोवीस मिलिमीटर भरतं, तिथे एवढी फटही डोळ्यात खुपते. मंगलोरी कौलं मात्र मी कोरत बसलो नाही. कागदी पट्ट्या एकावर एक चढवल्या, दोन फुटांवरून कुणाला फरक कळत नाही.