माळावर धावणारं काळवीट : डिजिटल चित्रात वेग आणि खोली एकत्र कशी आणायची

दाट जंगलाच्या चित्रात खोली आपोआप येते. पुढे एक खोड, त्यामागे फांद्या, त्यामागे धुकं, की झालं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर यातलं काहीच हाताशी नसतं. गुडघाभर कुसळी, पवन्या, मध्येच एखादी बाभूळ आणि पुढे सपाट क्षितिज. इथे काळवीट काढलं की ते कागदावर चिकटवलेल्या कात्रणासारखं दिसायला लागतं, आणि मग त्याच्यामागे वेगाच्या रेषा मारल्या जातात. त्याने काहीही साधत नाही. माळावर खोली मुख्यतः गवताच्या गतीतूनच काढावी लागते.

पक्क्या चित्राचा आकार ४२०० × २४०० पिक्सेल धरा. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ते १४ × ८ इंच छापता येतं. पण कॅनव्हास ५२०० रुंदीचा घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना ५०० पिक्सेल जास्तीचे, शेवटी कापून टाकायचे. मोशन ब्लर, म्हणजे चित्र एका दिशेने फरपटवून धूसर करणारा परिणाम, कडेपाशी पारदर्शक भाग आत ओढतो आणि तिथलं गवत विरळ, धुरकट पडतं. ही जागा सोडली नाही तर नंतर हाताने भरत बसावं लागतं.

आता क्षितिज. घाईत चित्र बिघडतं ते इथेच. काळविटाची खांद्यापाशी उंची साधारण ७५ ते ८० सेंटिमीटर. बघणाऱ्याचा डोळाही तेवढ्याच उंचीवर ठेवला, म्हणजे खाली बसून बघतोय असं मानलं, तर सपाट माळावरच्या जवळच्या-लांबच्या प्रत्येक उभ्या काळविटाची पाठ बरोबर क्षितिजाला टेकते. क्षितिज खालच्या कडेपासून ११०० पिक्सेलवर आखा. मुख्य काळवीट २० मीटरवर आहे आणि त्याची लांबी ९०० पिक्सेल, म्हणजे खांद्यापाशी उंची ६०० पिक्सेल आहे असं ठरवलं, तर त्याच्या पायाखालची जमीन क्षितिजाच्या ६०० पिक्सेल खाली येते. ६० मीटरवरच्या मादीचे खूर २०० पिक्सेल खाली, २०० मीटरवरच्या कळपाचे फक्त ६० पिक्सेल खाली. लांबचा कळप नुसता लहान करून जवळच्याच जमिनीवर ठेवला तर तो कळप न दिसता पाडसं दिसतात. झेप घेतलेला नर मात्र क्षितिजाच्या वर निघतो, आणि त्याची झेप कळते ती मागच्या कळपाच्या पाठी त्या रेषेवर असल्यामुळेच.

यानंतर एक निर्णय पक्का करा : बघणारा एका जागी आहे की काळविटाच्या बरोबरीने पुढे सरकतोय? जागेवरून कॅमेरा फिरवला तर सगळी स्थिर पार्श्वभूमी, अगदी क्षितिजावरची बाभूळसुद्धा, जवळपास सारखीच फरपटते. अशा चित्रात वेग दिसतो, खोली दिसत नाही. बरोबरीने सरकणारी नजर घेतली तर जवळचं गवत सुसाट मागे जातं, लांबचं रेंगाळतं आणि क्षितिज जागचं हलत नाही. आपल्याला हवी ती हीच नजर. ती कल्पनेतच ठेवा. संदर्भ मिळवायला काळविटामागे गाडी घालू नका. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं जनावर आहे. लांबून, जागेवरून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये घेतलेला व्हिडिओ पायांच्या अभ्यासाला पुरतो.

फरपटीचा हिशेब सोपा आहे. अंतर दुप्पट झालं की ब्लर निम्मा. क्रिटा, फोटोशॉप किंवा प्रोक्रिएट, चित्रकामाच्या या तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये मोशन ब्लर आहे. कोन शून्य, म्हणजे फरपट आडवी, ठेवा आणि गवताचे पट्टे वेगवेगळ्या लेयरवर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांवर) काढा :

५ मीटर : ४०० पिक्सेल (इथली जमीन दिसतच नाही, फक्त शेंडे खालच्या कडेला)
१० मीटर : २०० पिक्सेल
२० मीटर, काळविटाच्या पायाशी : १०० पिक्सेल
६० मीटर : ३० ते ३५ पिक्सेल
५०० मीटरवरची झाडं : ४ पिक्सेल, म्हणजे न दिल्यातच जमा

काळवीट स्वतंत्र लेयरवरच हवं. पार्श्वभूमी एकत्र करून ब्लर देताना ते खाली राहून गेलं असेल तर त्याच्या मागेपुढे काळसर भूत उमटतं. ब्लर दिल्यावर २० मीटरच्या पट्ट्यातली दहा-बारा पाती काळविटाच्या पायांच्या पुढे आणा. तेवढ्याने जनावर गवतात शिरतं.

आता पाय. नजर अंगाबरोबर सरकतेय, म्हणून डोळा, शिंगांचे पीळ आणि खांदा चक्क धारदार ठेवा. जमिनीला टेकलेला खूर मात्र जमिनीबरोबर मागे जातो, तेव्हा त्याला गवताइतकाच, १०० पिक्सेलचा ब्लर. गुडघ्याशी तो निम्म्याहून कमी, खांद्याशी शून्य. अख्ख्या पायाला सारखा ब्लर दिला की पाय काचेमागे असल्यासारखा वाटतो. हवेतल्या खुराची फरपट सरळ नको, त्याच्या वळणाने बोटाने पुसल्यासारखी काढा.

क्षण निवडतानाही सांभाळा. घोड्याचे चारही पाय हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात, पुढे-मागे ताणलेले नसतात, हे छायाचित्रकार मायब्रिजच्या १८७८च्या छायाचित्रांनी दाखवलं. त्याआधीची कितीतरी चित्रं त्या बाबतीत चुकलेली आहेत. काळविटाच्या झेपेसाठी कमानीचा अगदी माथा घेऊ नका, तिथे ते टांगल्यासारखं दिसतं. मागचे खूर नुकतेच सुटलेत, पुढचे पाय दुमडलेत, असा क्षण घ्या. सावली पायांपासून तुटलेली असू द्या. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असेल तर सावली उंचीच्या साडेपाच पटींहून लांब पडते, ३० अंशांवर पावणेदोन पट. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो; तेव्हाची सावली बरोबर पोटाखाली आणि आखूड.

लांबच्या वस्तूंवर निळा थर चढवायची सवय इथे मोडावी लागते. उन्हाळ्यात माळावरची हवा धुळीने पिवळट-पांढरी असते. निळसर छटा पावसानंतरच्या धुतलेल्या हवेत शोभते. दुसरं म्हणजे हवेत आधी काळा रंग विरतो, पांढरा बराच टिकतो. जवळच्या नराच्या पाठीची उजळता १२ टक्के ठेवली तर ६० मीटरवरच्या नराची २५, २०० मीटरवरच्याची ४५ ठेवा. पोटाचा पांढरा मात्र थोडासाच मळवा. हे आकडे मोजमापाचे नाहीत, सुरुवातीला धरायचे आहेत. धुळीच्या दिवशी आणखी वाढवा.

धूळ खुरापाशी सर्वांत दाट आणि लहान, मागे जाईल तशी मोठी आणि फिकी. अखंड शेपूट काढू नका; प्रत्येक टापेचा वेगळा पुंजका, मध्ये मोकळी जागा. खालची कड थोडी ठाम, वरची हरवलेली. ऊन समोरून येत असेल तर धूळ पार्श्वभूमीपेक्षा उजळ निघते, आणि काळ्या पाठीमागे तोच उजेड ठेवला की पाठीची कड वेगळी काढावी लागत नाही.

सगळं झाल्यावर वरच्या लेयरवर २-३ टक्के नॉइज (बारीक दाणेदारपणा) द्या, कारण ब्लर दिलेलं गवत प्लास्टिकसारखं गुळगुळीत होतं. मग चित्र कृष्णधवल करून २०० पिक्सेल रुंदीला बघा. नर आणि लांबचा कळप एकाच करड्यात मिसळत असतील, तर ब्लरला हात लावू नका, कळपाची पाठ आणखी उजळ करा. जुळलं की बाजूचे ५०० पिक्सेल कापा.